नावगाव

झातेत्स. सप्टेंबर. हॉप्सचा कडवट वास
सर्व्हरच्या खोलीतही शिरलेला.
लुबोमिर, तुम्ही इस्पितळात, आणि मी
तुमचं जुनं पास्कल उघडून बसलेय.
संघाला सगळ्या गासड्यांच्या नोंदी
सोमवारपर्यंत नव्या यंत्राला वाचता येतील अशा हव्यात.

एकेक फील्ड हाताने उतरवायचं
तर एकशे चौदा ओळी, तितक्याच चुका.
म्हटलं, रेकॉर्डलाच विचारावं,
प्रोग्राम चालता-बोलता असताना,
दारात आलेल्याला विचारतात तसं:
नाव काय? गाव कुठलं? कुणापैकी?

आणि फील्डं बोलू लागली.
'ह्मोट', म्हणजे वजन. चौथ्या बाइटवर राहतो, अपूर्णांकांपैकी.
'व्ल्ह'. एकही स्वर नाही नावात,
पण ओल म्हणायची ती हीच; आठव्यावर, त्याच भावकीतली.
बाराव्यावर 'सुखे': वाळलं की नाही, एवढंच.
मग तीन बाइट मोकळे,
पंगतीत कुणासाठी तरी राखलेल्या पाटांसारखे.
कुणी आलं नाही. मी ते ओलांडले.

सोळाव्यावर 'पेत्स', भट्टी.
नाव सांगितलं. गाव सांगितलं.
कुणापैकी?
निल.
शून्यालासुद्धा काही किंमत असते. हे निल.
प्रोग्राम उंबऱ्यातच कोसळला.

फोनवर तुम्ही आधी खोकलात.
"चोवीस तासांची तापमानं आहेत ती.
तिथल्या तिथे कंसात मोजून टाकली,
कुळाला नाव दिलं नाही. तेव्हा
विचारणार कोण होतं?"

वर एक ओळ लिहिली: भट्टीचे तास, एक ते चोवीस.
कुळाला नाव मिळालं
आणि पेत्स घडाघडा बोलायला लागली,
रात्री बाराला एकोणसाठ, एकला अठ्ठावन्न,
वर्षामागून वर्षं, अवतरणात, स्वल्पविरामात.

चौदा सप्टेंबर, तुमचं पहिलं साल.
रात्रपाळीला सही तुमचीच.
दोन ते पाच: एकसष्ट, एकसष्ट, एकसष्ट, एकसष्ट.
भट्टी इतकी सरळ जळत नाही, लुबोमिर.
डुलकी लागली होती ना?

कुणापैकी ते सांगतात हे आकडे,
खरे की खोटे, ते विचारायची सोय
त्या तक्त्यात नाही.
मी जसेच्या तसे पुढे पाठवले.
बाहेर ट्रॅक्टर आला. गासड्या उतरतायत.