साडेनऊची बस

साडेनऊची बस नाही.
खिडकीमागची बाई म्हणाली, ड्रायव्हर नाचायला गेलाय.
मला वाटलं, माझी स्पॅनिश कच्ची.
तर तिने बसल्या जागी
दोन्ही हात वर करून कंबर हलवून दाखवली.

सान रोकेचा दिवस. दक्षिण बोलिव्हियातलं गाव,
डोंगरांच्या घडीत ठेवून कुणी विसरून गेलेलं.
सॅक पायांत धरून भिंतीशी उभी राहिले
आणि बघते तर सगळी कुत्री नटलेली.
शेपटीला रिबिनी, गळ्यात कागदी फुलं,
एकजण तर मुंजीतल्या बटूसारखा
अवघडून, उन्हात, आईची वाट बघत.

देव लाकडाचा. मांडीवरची जखम
दरवर्षी कुणीतरी नव्याने लाल रंगवतं.
पायाशी कुत्रा, तोंडात पाव.
"महामारी झाली त्याला. माणसं पळाली.
ह्याने भाकरी आणून दिली."
कासिमीराबाई सांगते, मागच्या आठवड्यात घडल्यासारखं,
आणि सांगता सांगता हातात दोरी देते.
धर जरा.
दोरीला कुत्रं. बाई पेले भरायला गेली ती गेलीच.

कुत्रं कुणाचंच नव्हतं. एक कान फाटका,
फुलांची माळ अर्धी खाल्लेली.
येणारा जाणारा विचारी, नाव काय?
मी नुसती हसे.
म्हातारा नेमेसियो टोपी काढून
सरळ कुत्र्यालाच विचारू लागला.

मग नाचे आले. तोंडावर फडकं, डोक्यावर पिसांचा मनोरा,
हातातल्या बाणांची टकटक, टकटक.
लांबच लांब वेळूची तुतारी एकाने फुंकायची,
पुढचं टोक पोरांनी पेलायचं.
चेहरा झाकतात, कारण नवस देवाशी असतो,
गावाशी नाही.
तरी कासिमीराबाई लांबूनच ओरडली:
तो बघ तुझा ड्रायव्हर, बुटांवरून ओळख!
लेकीची छाती बरी झाली. तीन वर्षं नाचायचं बोललाय.

फटाका फुटला. दोरी सुटली.
कुत्रं थेट पालखीखाली, खांदेकऱ्यांच्या पायांत.
देव डुगडुगला.
त्या भाषेत कुत्र्याला कसं बोलावतात, मला ठाऊक नव्हतं.
निघालं ते निघालं तोंडातून:
यू, यू, यू.

तुतारी थांबली. एक पिसांचा मनोरा वळला.
आणि कुत्रं आलं,
रिबीन धुळीत ओढत, निवांत.
एवढं मराठी त्याला येत होतं.

पाद्री पाणी शिंपडत आला, नाव विचारलं.
नेमेसियो माझ्याआधी बोलला: यूयू.
पाद्र्याने मान हलवली,
यूयूवर पाणी पडलं, थोडं माझ्या चपलेवर.

दुसऱ्या दिवशी बस होती. ड्रायव्हरचे डोळे तांबडे,
बूट सीटखाली, सुजलेले पाय पेडलवर उघडेच.
लेकीचं विचारलं नाही मी.
झाकलेल्या चेहऱ्याची ओळख सकाळी काढू नये.
वेशीपाशी त्याने गाडी हळू केली,
काच खाली घेतली,
आणि धुळीकडे बघून म्हणाला, ज्यू, ज्यू.
उच्चार चुकला होता.
मी दुरुस्त केला नाही.