कूलरचा षड्ज

मी फाइलींना नावं देत नाही, तापमान देते.
त्रेचाळीस-दुपार. चव्वेचाळीस-रात्र-दोन.
एप्रिलपासून असंच चाललंय.
पुण्याच्या लोकांना सात मिनिटं हवीत,
"समकालीन" असं पत्रात लिहिलंय,
आणि माझ्याकडे सदतीस तुकडे आहेत
त्यातला एकही दुसऱ्याशी बोलत नाही.

इंदोऱ्याला तिसरा मजला, पश्चिमेची खोली.
भिंत रात्री दीडपर्यंत तापलेली.
एक चाल येते, बसते, पाणी मागते,
मी तिला कीबोर्डवर धरायला वळते
तोवर ती निघून गेलेली असते,
चपला इथेच.

गुलाब रामटेके क्लॅरनेट वाजवतात.
म्हणजे वाजवायचे, सव्वीस वर्षं, लग्नाच्या बँडमध्ये.
मग धुमाल आलं आणि वरातीत
फुंकलेलं काही ऐकूच येईना.
आता पाचपावलीत ऑटो चालवतात.
रीड अजून पाकिटात, फोटोच्या जागी.

रेकॉर्डिंगसाठी कूलर बंद करावा लागतो.
मी कळ दाबली.
पंखा मंदावला, पंपाने दोन उचक्या दिल्या,
वाळ्याच्या ताटीतून थोडा वेळ ठिबकलं,
आणि मग जे उरलं
त्याला मी शांतता समजले.

काकांनी फुंकलं. बेसूर.
पुन्हा. स्वर कुठे टेकेचना,
अनोळखी गावात उतरलेला माणूस पाटी शोधतो तसा
वर बघे, खाली बघे.
मी फोनवर तंबोरा लावला, काळी एक.
त्यांनी मान हलवली. पांढरी दोन.
पुन्हा मान. घाम हनुवटीवरून चाव्यांवर.
"कूलर लाव ना पोरी.
तीन हप्ते त्याच्यावरच वाजवून राहिलो ना मी,
आता कशावर उभा राहू?"

मग मी मोजलं.
माइक पत्र्याला टेकवला.
काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे,
जिथे पेटीला पट्टीच नाही,
तिथे दोनदा वाइंडिंग केलेली ती मोटर
एप्रिलपासून सा धरून बसली होती.
सदतीसच्या सदतीस तुकडे तिच्याच खालचे.
मी आपली रात्री दोनला
"सुचलं, सुचलं" म्हणत वहीकडे धावायची.

सातला सगळा जरीपटका घरी येतो.
मिक्सर, इस्त्री, पाण्याच्या मोटरी.
व्होल्टेज बसतं, बल्ब गढूळतो,
कूलर श्रुतीभर उतरतो.
काका त्याच्यामागे उतरले, डोळे मिटून,
अंधारात आपलाच जिना उतरावा तसे.
मी वरच राहिले, कानांवर हेडफोन,
चुकतंय कोण ते कळेना.
मधेच टाकी आटली, दोन बादल्या ओतल्या.
तेही आहे त्यात: बादलीची कडी,
माझं "सॉरी", काकांचं "राहू दे".

पुण्याहून उत्तर आलं.
सुंदर आहे. मागे एक गुणगुण येते आहे,
ती स्वच्छ करता येईल का?

केली. सॉफ्टवेअरला दोन सेकंद लागले.
उरला तो हवेत लटकलेला एक म्हातारा,
विनाकारण हळूहळू बेसूर होत जाणारा.

मी पुन्हा होतं तसं केलं.
फोन लावला.
"काका, ऑटो रिकामा आहे का रविवारी?
स्टेशनपर्यंत कूलर न्यायचाय."
"कुठं?"
"पुण्याला. स्टेजवर."
पलीकडे बराच वेळ हॉर्न, कामठी रोड,
कुणीतरी सुट्टे पैसे मागत होतं.
मग ते म्हणाले,
"नेऊ ना. स्टँडसकट नेऊ.
पण तिकडे सात वाजता
व्होल्टेज पडते का?"