बर्फीच्या डब्यातली माती

मे महिना. पारा सत्तेचाळीस.
काटोलहून भोयरवहिनी आल्या एसटीनं,
संत्रा-बर्फीच्या रिकाम्या डब्यात
ओल्या फडक्यात गुंडाळून बागेची माती.
"तीन सालाआधी तू म्हनला होता, शून्य पॉइंट तीन.
आता पाय."

तीन सालं वखर फिरला नाही त्यांच्या ओळींतून.
पऱ्हाटी पेटवली नाही, कुट्टी करून अंथरली.
धुऱ्यावरून दीर ओरडायचा,
"काहून वं, बाग हाय का रान?"
बरबटी, ताग, नावं नसलेलं गवत,
त्यात संत्र्याची झाडं गुडघाभर बुडालेली.

वहिनी बोलल्या नाहीत.
शाळेतून दोन तापमापी मागून आणल्या.
एक त्याच्या नांगरल्या उघड्या भुईत खोचली,
दुसरी आपल्या पाचोळ्यात.
अठ्ठावन्न. तेहतीस.
दिरानं दोनदा वाचलं
आणि चप्पल आणायला घरी गेला.

नमुना वाळवून आणायचा असतो,
हे मी सांगणार होतो.
डबा उघडला तर
काळ्याभोर चुऱ्यात एक गांडूळ
प्रयोगशाळेकडे पाठ करून चाललेलं.

"कार्बनच मोजायचा ना?"
"हो. आभाळातला थोडा उतरवलाय म्हनतात,
माह्यावर इश्वास नाही, मोजून दे.
त्याले काढून ठेव आधी.
अन् डबा वापस पायजे."