वाट

नोंगखायची बस पुलावर चढली तेव्हा
खाली मेकाँग कमी आणि वाळूच जास्त.
एका कडेला पाण्याची चिंधी,
तिच्यात गुडघाभर उभा एक माणूस, जाळं झटकत,
दोन्ही देशांना काटकोनात.

पुलाच्या टोकाशी रस्ता कूस बदलतो.
तिकडे गाड्या डावीकडून, इकडे उजवीकडून,
मधे एक सिग्नल,
आणि आख्खी बस झोपेतल्या माणसासारखी
या अंगावरून त्या अंगावर.
कुणी मान वर केली नाही.
शेजारची बाई फणसाचे गरे खात होती, खातच राहिली.
मीच तेवढी पुढच्या सीटचा दांडा धरून.
मेहकर डेपोत एकतीस वर्षं वेळापत्रकं लिहिली मी,
गाड्या उशिरा येतात, बंद पडतात, रद्द होतात, ठाऊक होतं,
पण बाजू बदलता येते
आणि कुणाच्या हातातला गरासुद्धा सांडत नाही,
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

काचेमागच्या मुलीने शंभर डॉलर घेतले
आणि वीस लाखांवर किप पुढे सरकवले.
पर्सची चेन लागेना.
लक्षाधीश झाल्यावर पहिली खरेदी: पाण्याची बाटली.
दुसरी: घासाघीस, खामफेटशी.
त्याच्या जंबोला मागे दोन बाकं, छताला निळी झालर,
आरशाला चाफ्याची माळ, कालची.

मी पत्ता दाखवला, छापील, नकाशासकट.
त्याने कागद आडवा धरला, उभा धरला,
घडी घालून मला परत दिला.
"कुठल्या वाटेजवळ?"

इथे वाट म्हणजे देऊळ.
घर क्रमांक, गल्ली, पिनकोड, काही नाही,
या वाटेमागे, त्या वाटेसमोर,
जिथे मोठा पिंपळ आहे ती वाट,
जिथे पिंपळ पडला ती वाट.
मला नाव सांगता येईना.
तो म्हणाला, बो पेन न्यांग,
म्हणजे, हरकत नाही,
आणि निघाला भलतीकडेच.

आधी बर्फाच्या कारखान्यात. दोन लाद्या
गोणपाटात गुंडाळून माझ्या पायाशी.
मग शाळेच्या फाटकाशी. त्याची मुलगी मालीवान,
हातात पुठ्ठ्याचा ज्वालामुखी,
तो तिने माझ्या मांडीवर ठेवला, न विचारता,
जसं काही मी त्याचसाठी आले होते.
पातुसाय कमानीला वळसा घालताना
सगळे परदेशी मोबाईल वर करून उभे;
माझ्या दोन्ही हातांत ज्वालामुखी,
मी एकही फोटो काढला नाही.
बर्फाचं पाणी चपलांत आलं.
खरं सांगते, रागावले होते मी.
मनातल्या मनात त्याला मेमो देत होते.

बर्फ उतरला एका नूडलच्या दुकानात,
ज्वालामुखी उतरला त्याच्या मेव्हणीकडे,
मला त्याने एका देवळाच्या पायरीवर उतरवलं.
"ही वाट नाही वाटतं तुझी," म्हणाला,
"विचारून येतो. सहाला."
पैसे मागितले नाहीत. सामान जंबोतच.

सहाला आला नाही.
सव्वासहालाही नाही. मी चार वेळा घड्याळ पाहिलं,
मग पाचव्यांदा.
एक पोरसवदा भिक्खू अंगण झाडत होता,
एका बाजूला झाडून झालं की
चाफा दुसऱ्या बाजूला पडायचा.
ढोल वाजला. कुत्रं उठून जागा बदलून झोपलं.
त्याने इंग्रजीचे तीन शब्द जुळवून विचारलं,
वाट पाहायला आलात का?
त्याला म्हणायचं होतं, देऊळ.

मी म्हटलं, हो.

एकतीस वर्षं मी लोकांना सांगत आले
किती मिनिटं वाट पाहायची.
खिडकीच्या आतून, स्टुलावर बसून, शाईने.
बाहेर बाकावर बसलेलं कुणी
काय पाहत असतं, ते कधी विचारलं नव्हतं.

सात दहाला निळी झालर दिसली कोपऱ्यावर.
मालीवान पुढे बसलेली,
हॉटेल सापडल्यासारखी ओरडत होती,
नाहीतर सापडलं नाही म्हणून.
मी चपला घातल्या. अजून ओल्याच.