चौथं प्रकरण

तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडे उद्यमबाग सुरू होते,
तिथं हवेलाच लोखंडाची चव.
पिशवीत चाळीस प्रश्नावल्या घेऊन मी उतरले,
प्रत्येकीत बत्तीस विधानं, प्रत्येकापुढं पाच चौकटी,
पूर्ण असहमत ते पूर्ण सहमत.
विषय बैलूर मॅडमनी तीनदा खोडून मंजूर केलेला:
लहान फौंड्र्यांतलं कॉस्टिंग, सिद्धान्त आणि व्यवहार.

कल्लाप्पा कंग्राळकर, मोल्डिंगचे फोरमन,
बत्तीसही विधानांना म्हणाले, "होय की."
आमच्याकडे अप्रत्यक्ष खर्चाची वाटणी शास्त्रशुद्ध होते.
"होय की."
आमच्याकडे अशी वाटणी होतच नाही.
"होय की, तेबी खरंच."
चहा आला, बशीत वाळूचा एक कण.
"आनी काय लिवायचं ऱ्हायलंय बाई?"

रात्री खोलीवर एक्सेल उघडलं.
त्यांची ओळ: चार, चार, चार, शेवटपर्यंत चार.
प्रमाण विचलन शून्य.
इतकं एकमत आमच्या हॉस्टेलात आमटीवरही होत नाही.

मग प्रश्नावल्या कपाटात ठेवूनच जायला लागले.
भट्टी रात्री अकरानंतर पेटते,
का, ते हेस्कॉमच्या कन्नड बिलात आहे.
ते मला कोअर शॉपमधली निंगव्वा वाचून दाखवते.
ती म्हणते लेक्का, मी म्हणते हिशेब,
मधे जे अडतं तिथं दोघी बोटं मोजतो.

कोअर ओव्हनच्या दारावर खडूनं रोजचं गणित,
वितळलं किती, ओतलं किती,
परत भट्टीत गेलं किती.
निम्मे आकडे कन्नडात, निम्मे आपले.
पुसायला चिंधी एकच,
सकाळी दार कोरं.
हापिसात मात्र वर्षाअखेर सगळी नासाडी
एका ओळीत गुमान झोपते: साधारण घट, सहा टक्के.
मी विचारलं, सहाच का?
मालक म्हणाले, वडील सहा धरायचे.

एकदा तपासणीतून पास झालेलं पंपाचं हौसिंग
कल्लाप्पांनी बाजूला काढलं,
हातोडीनं टिचकी दिली, कान लावला.
"बद्द वाजायलंय."
मोजमाप बरोबर होतं. गिऱ्हाईक पैसे देणार होतं.
"आत हवा ऱ्हायलीया. वितळवा."

अकरा किलो. वीज. वाळू. निंगव्वाची अर्धी पाळी.
कुठल्या खात्यावर टाकू?
पुस्तक म्हणतं, तफावत प्रतिकूल, आणि कारण मागतं.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: कान.
मॅडमनी त्याभोवती लाल गोल काढला,
शेजारी काही लिहिलं नाही.

प्रबंध इंग्रजीत.
ऐकलेलं मराठीत, कन्नडात, काही भट्टीच्या घरघरीत,
जे टेपवर नुसतंच घरघर म्हणून आलं.
"होय की"च्या जागी 'ॲग्री' टाइप केलं
तेव्हा हात थांबला क्षणभर.
की म्हणजे काय, ते कुठल्याच चौकटीत बसेना.
डेडलाइन शुक्रवारची.
मीही सहा टक्के धरले.

बांधून आणलेली प्रत, काळं कापड, सोनेरी अक्षरं,
दाखवायला नेली.
आभारात तुमचं नाव आहे म्हटलं, पान काढून दिलं.
त्यांनी पान बघितलं नाही.
प्रत मिटली, तळहातावर तोलली,
"जड हाय की चांगलं."
मग बोटाच्या पेरानं पुठ्ठ्यावर टकटक केलं
आणि कान लावला.
निंगव्वा हसायची थांबली.
त्यांनी पुन्हा एकदा वाजवलं, मधोमध,
साधारण चौथ्या प्रकरणावर,
आणि प्रत दोन्ही हातांनी मला परत दिली.
"चहा घेनार न्हवं?"

परत येताना गेट पडलेलं.
मालगाडी संपता संपेना,
रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं.
मी मांडीवरच्या प्रतीवर, तिथंच, मधोमध,
बोट वाजवून बघत राहिले.