शांतवनकाकांची पाटी

डिसेंबरात आमच्या नंदुरबारला वारा फिरला
की पथारीवरची मिरची थेट उपासनेत येते.
पाळकसाहेब डोळे मिटतात,
आणि आमेनच्या आधी मागच्या बाकावरून पहिली शिंक.

गुरुवारी सातला प्रौढांचा वर्ग.
प्रौढ म्हणजे आम्ही सहा जण. चष्मे सात,
कारण सलोमी सिस्टर दोन आणतात :
एक वाचायला, एक तो शोधायला.
पितळी ताटात चार मेणबत्त्या,
आगमनकाळाचा दुसरा आठवडा म्हणून दोनच पेटलेल्या.
उरलेल्या दोघींच्या वाती कोऱ्या,
शाळेच्या पहिल्या दिवशी उभ्या केलेल्या मुलींसारख्या.

धडा होता त्या म्हाताऱ्या याजकाचा,
जो धूप जाळायला आत गेला
आणि मुका होऊन बाहेर आला.
मी तीस वर्षं भूगोल शिकवलेला,
मुद्दे काढल्याशिवाय मला चैन पडत नाही.
एक, अविश्वास. दोन, शिक्षा. तीन, आपल्यासाठी बोध.
चिठ्ठी शास्त्रात खुणेला ठेवली होती.

रिबकाबाई दिवसभर मिरचीची देठं खुडतात,
बोटांची आग होते म्हणून पानं मनगटानं उलटतात.
त्यांनी विचारलं,
‘मंग देवनी त्याले मुका का बरं करं?
म्हातारपनमा पोऱ्या व्हनार, आन् सांगाची बी चोरी?’
मी म्हटलं, मुद्दा दोन.

तेव्हा शांतवनकाकांनी पाटीवर खडू आपटला.
दोन वर्षं झाली, घशाचं ऑपरेशन झाल्यापासून
आवाज नाही. गळ्याशी मफलर, मांडीवर पाटी,
नातवाची, एका कोपऱ्यात अजून बदक चिकटवलेलं.
लिहिलं :
शिक्षा नाही.
बाहीनं पुसलं. आम्ही थांबलो.
रजा.

सगळे हसले. काका हसले नाहीत, पुन्हा पुसलं.
पाटी लहान, अक्षर रेल्वेचं, ठळक,
चार शब्दांत भरून जायची,
आणि दर वेळी आम्ही सहा माना पुढे काढून
खडूची वाट पाहत बसायचो.

चाळीस वर्षं निशाण दाखवलं.
(पुसलं.)
वाटायचं, गाडी माझ्यामुळे येते.
(पुसलं. खडू मोडला. सिस्टरनी तुकडा उचलून दिला.)
ती येतच होती.

मी चिठ्ठीकडे पाहिलं नाही.

मग त्यांनी बारीक अक्षरात, बदकाला वळसा घालून लिहिलं :
आता घरात मार्था बोलते.
पहिल्यांदा तिचं वाक्य शेवटपर्यंत ऐकलं.

मार्थाकाकू शेजारीच. त्यांना वाचता येत नाही.
‘काय लिहिलं, बाई?’ मला विचारलं.
मी वाचून दाखवलं. माझाच आवाज जरा फाटला,
मिरचीला दोष दिला.
काकूंनी पदर सारखा केला, ताटाकडे बघत राहिल्या,
आणि म्हणाल्या,
‘ऐकतात खरे. पण मधेच झोपतात.’

तेवढ्यात लाइट गेली.
खोलीत फक्त त्या दोन वाती,
आणि सुरतेकडे जाणारी मालगाडी, लांबलचक.
काका अंधारात बोटानं पाटीवर डबे मोजत होते,
आम्ही कुणीच बोललो नाही, गाडी संपेपर्यंत,
संपल्यावरही थोडा वेळ.
तीच शेवटची प्रार्थना झाली असावी,
कारण आमेन कुणी म्हटलं नाही
आणि सगळे उठले.

मेणबत्त्या विझवायला रिबकाबाई पुढे झाल्या.
फुंकर नाही, चमचा नाही,
सरळ चिमटीत वात धरली. मी ओरडले, अहो, बोटं!
‘आगले आग काय करी, मास्तरीनबाई?’
दुसरीही तशीच.

बाहेर थंडी, आणि पथारीवरून तोच तिखट वारा.
घरी येऊन शास्त्र उघडलं तर चिठ्ठी जागेवर होती.
मुद्दा एक खोडला. दोन खोडला.
तिसऱ्यापाशी पेन धरून
बराच वेळ बसून राहिले.