मागची डिंगी

भालेरावकाकांनी नाव बांधली ती मिल बंद पडल्यावर.
शीड मेळ्यातल्या जुन्या तंबूचं,
ऊन तापलं की अजून
भाजलेल्या पापडाचा वास देतं.
डिंगी मात्र लिलावातली. नारिंगी रबर,
पोटावर अर्धवट पुसलेलं 'बाढ़ राहत',
पाच ठिगळं, पाचही
पाटणकर बाजारातल्या सायकलवाल्याच्या हातची.

तिघऱ्याचं पाणी दिसतं तेवढं गरीब नाही.
तीन वाजले की टेकड्यांच्या फटीतून
वारा येतो, न कळवता,
दूरच्या चुलतभावासारखा, आणि सरळ आत शिरतो.

मी पहिल्यांदा डिंगी मागे बांधली
ती एका कडीला, एका दोरानं,
आणि स्वतःवर बेहद्द खूश होते.
भर पाण्यात ती हुंदडू लागली,
डावीकडे धाव, उजवीकडे धाव,
मग एकच झुळूक, आणि पालथी.
वल्हं गेलं. काकांचा थर्मास गेला.
काका एक शब्द बोलले नाहीत,
थर्मास बुडाला त्या जागेकडे
घराकडे वळेपर्यंत बघत राहिले.

रात्री किराणा-हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर
त्यांनी लिहून दिलं:
लगाम एका बाजूचा नसतो,
दोन कड्यांना दोन दोर, पुढे एकत्र.
वल्ही, टाकी, इंजिन, सगळं नावेत.
ती रिकामी असेल तरच ऐकते.
पाणी साचलं असेल तर आधी उपस,
अर्धी भरलेली डिंगी म्हणजे नांगर.
गाठ अशी की भर ताणात सुटेल.
आत माणूस बसवायचा नाही.
या ओळीखाली दोन रेघा,
दुसरी इतकी दाबून की पान फाटलेलं.

ओजस कोट्याहून परत आला तो मार्च.
बॅग पंधरा दिवस दारामागे तशीच.
आई ताट झाकून ठेवायची
आणि तासाभरानं तसंच उचलायची.
कोणी काही विचारायचं नाही असं
कोणीही न ठरवता ठरलं होतं.
एका रविवारी मी चावी घेतली तर
तो आधीच गाडीत बसलेला.

काठावर त्यानं नावेकडे पाहिलं, डिंगीकडे पाहिलं.
"मी मागच्यात बसतो. एकटा."
दिवसातलं पहिलं वाक्य.

दोन रेघा माझ्या डोळ्यांपुढे.
नियम सांगता आला असता.
त्या महिन्यात त्यानं इतक्या 'नाही' ऐकल्या होत्या
की माझ्या तोंडून आणखी एक निघेना.
म्हटलं, "वळताना दोर सैल पडतो रे,
सुकाण्यात जातो. कोणीतरी धरायला हवा.
मला दोनच हात."
खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं,
काकांशिवाय वर्षभर मी
दोर दातात धरून वळतच होते.

तो आला. पिछाडीच्या फळीवर बसला,
पाठ माझ्याकडे, तोंड डिंगीकडे.

पहिल्या लाटेला दोराला हिसका.
पुन्हा हिसका.
मी सांगणार होते की किती सोडायचा,
पण त्याचे हात संक्रांतीचे,
गच्चीवर मांजा सोडणारे,
वितीवीतीनं ढील देत गेले
आणि डिंगी एका लाटेच्या पाठीवर
जाऊन बसली, तिथेच राहिली.
ना ओढ, ना धक्का.
दोर मधे जरासा पाण्याला टेकलेला.

वारा वेळेवर आला. मी ओरडले, "वळतेय!"
त्यानं भराभर गुंडाळलं,
वळून झाल्यावर पुन्हा सोडलं, न सांगता.
चार वेळा वळलो. पाचव्यांदा
वळायची काही गरज नव्हती.

थर्मासची जागा आली.
पाण्यावर खूण कशी असेल, पण
पंपहाउस आणि ते वाकडं बाभळीचं झाड
एका रेषेत आलं की तीच.
मी बोटानं दाखवली, गोष्ट सांगितली,
काकांचा चेहरासुद्धा करून दाखवला.
तो हसला नाही.
"खोल आहे?"
"आहे."
बराच वेळ तो तिकडे बघत राहिला.
मग मान हलवली,
आणि दोर
एक हात आखूड केला.